शनिवारच्या सह्या

ऐरोली, सेक्टर ४
रविवार, १४ जुलै १९९६

अभ्या,

फोन केला की आई म्हणते, झोपलाय. दुपारी बाराला झोपलाय, संध्याकाळी सहालाही झोपलाय. एस.टी.डी. बूथवाला आता मला बघितलं की कराडचा कोड स्वतःच फिरवतो. एवढं कुणी झोपतं का रे? म्हणून पत्र लिहितेय. वाचायचं नसेल तर उशीखाली ठेव, पण फाडू नकोस. आणि आईने वाचायला मागितलं तर देऊ नकोस. ती प्रत्येक ओळीला रडते आणि मग मलाच पत्र लिहिते.

रागावलायस, कळतंय मला. दिलीपने तुला एस.टी.त बसवलं आणि मी खाली सोडायलासुद्धा आले नाही. वैदेहीला ताप होता. खरंच होता. पण ताप नसता तरी आले असते की नाही, देव जाणे. तू दोन आठवडे बाथरूममध्ये नळ सोडून बसत होतास, नळातून तौहीद बोलतो म्हणून. सात वर्षांची पोर घरात, ती मला विचारायची, "मामा कुणाशी गप्पा मारतो?" सोसायटीतल्या बायका जिन्यात गप्प व्हायच्या. मी तरी कुठवर पुरी पडणार होते?

तौहीद गेला त्याचं दुःख आम्हालाही आहे. ईदला डबा भरून शीरकुर्मा घेऊन आला होता, चपला बाहेर काढून दारातच उभा. पावणे एम.आय.डी.सी.तल्या त्या वर्कशॉपात तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांत एवढा सभ्य मुलगा मी दुसरा पाहिला नाही. माळ्यावरून पडला, त्यात तुझा काय दोष? तू खाली होतास, तो वर पत्रे मोजत होता. जिना नव्हता तिथे त्याने पाऊल टाकलं. तोल जातो माणसाचा.

आता मुद्द्याचं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आईला विचारलंय म्हणे, की हा सारखा गोळ्या गोळ्या करतो, त्या कसल्या? तुमची मुलगी वैद्य आहे ना, तिलाच विचारून सांगा. मी आईला कळवून टाकलंय. श्रमहारी वटी म्हणजे पाचक. मनुका, ओवा, सुंठ, गूळ. पानाच्या टपरीवर मिळते, दिवसभर उभं राहून काम करणारे लोक खातात, भूक लागते, अंग हलकं होतं. त्या गोळीने डोकं फिरत असतं तर अख्खी एम.आय.डी.सी. कराडला येऊन बसली असती. तेव्हा ते खूळ सोड आणि डॉक्टर देतील ते नीट घे.

ताई


ऐरोली
रविवार, ४ ऑगस्ट १९९६

अभ्या,

काल तौहीदची आई आली होती. तळोज्याहून दोन बस बदलून. मी तिला फक्त तौहीद गेला त्या दिवशी बघितलं होतं, तेव्हा तिला घेरून पंचवीस बायका होत्या. काल एकटीच आली. दारावरची पाटी बोटाने वाचली आणि म्हणाली, "तू अभिरामची बहीण ना? वैद्य?"

तुला न सांगता राहवत नाही म्हणून सांगतेय. तौहीदच्या पोस्टमॉर्टेमचा, तो पोटातला, रिपोर्ट आला. त्यात भांग निघाली. झालं! वर्कशॉपच्या मालकाने हात झटकले. पोरगा नशेत होता, आमची जबाबदारी नाही. ते एक वेळ ती सोसेल. पण तळोज्यात घरोघर झालंय की हलिमाचा मुलगा नशेबाज होता. समराचं, म्हणजे तौहीदच्या बहिणीचं, ठरलेलं लग्न मोडलं. जमातीतले लोक भेटायला येईनासे झाले. ती मला म्हणाली, "त्याने कधी बिडी ओढली नाही ग. बापाला दम्याचा त्रास होता, ते बघून त्याने जन्मभर शिवली नसती. मग हे पोटात आलं कुठून? तू शिकलेली आहेस. मला एवढंच सांग."

तिने पदराखालून एक कागद काढला. तौहीदच्या शर्टाच्या खिशात होता म्हणे. दोन गोळ्यांचं पाकीट, हिरव्या रंगाचं, फाटलेलं. मी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हटलं, "हे तर पाचक आहे, चाची."

ती बरं म्हणाली. चहा प्यायली. साखर घालायची मी विसरले होते, तिने तसाच प्यायला आणि कप धुऊन ठेवला. जाताना म्हणाली, "तू वैद्य आहेस, तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल." माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

मी काय करायला हवं होतं? मी बघितलं होतं का तौहीदला? नाडी धरली होती? एका कागदाच्या कपट्यावरून मी काय सांगणार? तू असा गप्प बसतोस त्याने मला वाटतं की तू माझ्यावर डोळे वटारून बसलायस. वटारू नकोस. जेवतोस का नीट?

ताई


ऐरोली
रविवार, १ सप्टेंबर १९९६

अभिराम,

मी खोटं बोलले. तुझ्याशी, आईशी, तुझ्या डॉक्टरांशी आणि तौहीदच्या आईशी. आता ओरडू नकोस, आधी पूर्ण वाच.

श्रमहारी वटीत भांग असते. कागदोपत्री तिला विजया लिहितात, पण ती भांगच, आणि आम्हाला ते कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. औषधच आहे ते, ग्रंथात आहे. पण पाला आधी दुधात उकळायचा, धुवायचा, वाळवायचा, मग तुपावर भाजायचा. त्याला शोधन म्हणतात. त्याशिवाय पोटात द्यायचा नाही. आणि द्यायचा तो गुंजेच्या मापाने, रोगी बघून, थोडे दिवस.

हे मला कसं ठाऊक, तेही सांगते. ती गोळी माझ्या सहीने बाहेर पडते.

तुला वाटायचं, ताई डिग्री घेऊन घरात बसली. वैदेही झाल्यावर बसलेच होते. मग दिलीपच्या ओळखीचे हौसेराव आले. पावण्यात त्यांचा कारखाना, आयुर्वेदिक औषधांचा. लायसनसाठी पूर्णवेळ वैद्य दाखवावा लागतो. म्हणाले, "म्याडम, तुम्हाला यायची गरज नाही. सर्टिफिकेट द्या, शनिवारी कागद घरी येतील, तुम्ही सह्या करा." दिलीप म्हणाला, डिग्री ट्रंकेत कुजतेय त्यापेक्षा बरं. आमच्यात ह्याला कुणी चोरी समजत नाही रे! माझ्या वर्गातल्या अकरा मुलींपैकी सहाजणींच्या डिग्र्या अशा कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत आणि त्या स्वतः घरी पोळ्या लाटतायत. भेटलो की एकमेकींना विचारतो, "तुझी कुठे लावलीस?"

तीन वर्षं दर शनिवारी यशोदाबाई कागद घेऊन येतात. त्या तिथे पॅकिंगला आहेत, दिवा गावच्या. तू त्यांना बघितलंयस, मी तुला सांगितलं होतं की महिला मंडळाचं काम आहे. पाला आला, शोधन केले, वजन तपासले, मात्रा बरोबर. माझी सही, माझी सही, माझी सही. कुकरच्या तीन शिट्ट्यांत आठवड्याचं काम आटपायचं.

तौहीदची आई येऊन गेल्यावर पुढच्या शनिवारी मी यशोदाबाईंना बसवलं आणि विचारलं, पाला दुधात किती वेळ उकळतात? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दुदान? अवो ताई, दूद कवाचाच बंद झाला. निस्ता वाटतान नि गुलान कालवतान. आमच्या बायांचा डोका गरगरतं ना धुरल्यान. सांजच्याला मना माजाच घर गावत नाय." आणि वर हसल्या. "तुमाना ठाव नाय? सई तर तुमीच करता."

मी त्या दिवशीही सही केली. त्यांना घरी जायचं होतं, त्या खोळंबल्या होत्या.

माझं नाव फक्त सरकारी कागदावर आहे, बाकी कुठे नाही. हे मी तुलाच सांगतेय. आईला नको, डॉक्टरांना तर नकोच. मी आधी बघते काय करता येतं ते. मला थोडा वेळ दे.

ताई


ऐरोली
रविवार, २९ सप्टेंबर १९९६

अभ्या,

आईने लिहिलंय की माझं पत्र तू तीन दिवस खिशात घेऊन फिरत होतास. म्हणजे वाचलंस. मग शिव्या तरी दे की!

मंगळवारी कारखान्यात गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. नाक्यावर उतरले तर मला रस्तासुद्धा माहीत नव्हता, तुझ्या वर्कशॉपवरून गेले. शटर अर्धं वर होतं, प्रेसचा आवाज येत होता. तुझ्या जागी कुणी दुसरा उभा होता. मी थांबले नाही.

हौसेरावांच्या केबिनमध्ये गणपतीच्या शेजारी माझं सर्टिफिकेट. फ्रेम चांगली केलीय, हारही घालतात. मी म्हटलं, मला पाला दाखवा. त्यांनी कुरकुर केली नाही, दाखवला. पाल्यात काड्या, बिया, गोणपाटाचे धागे. दोन माणसं घमेल्यात कालवत होती, तोंडाला फडकं बांधून. तराजू होता, पण त्याच्यावर जेवणाचे डबे ठेवले होते. मी गोळ्या मोजल्या, पाल्याची गोणी मोजली आणि तिथेच हिशेब केला. मी सही करते त्याच्या सहापट जातोय एका गोळीत. आणि तोही कधी चौपट, कधी दहापट, घमेल्याच्या कुठल्या कोपऱ्यातून गोळी वळली त्याच्यावर.

मी विचारलं, हे का? हौसेराव बिचारे खरंच बुचकळ्यात पडले. मला वाटलं होतं दुष्ट माणूस असेल, पण तसा नाही रे. पोटभर हसतो, बायांना दिवाळीला साड्या देतो. म्हणाले, "म्याडम, पयल्या वर्षी तुमच्या मापानेच बनवली. पानवाल्यांनी माल परत केला. चढत नाय म्हणाले. आता बघा, इथून कामोठ्यापर्यंत चारशे टपऱ्यांवर जाते. औषधाच्या दुकानात ठेवली तर कोण घेईल?" मी म्हटलं, "ज्याला ठाऊक नाही तो चार-चार खातो, त्याचं काय?" तर म्हणाले, "पाकिटावर लिहिलंय की, वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावी."

कोणता वैद्य, अभ्या? टपरीवर कोणता वैद्य बसलाय?

मी तौहीदचं सांगितलं. ते उठून उभे राहिले, कानाला हात लावला, त्यांना माहीत नव्हतं. मग बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुठे बोलू नका. तुमच्या चांगल्याकरता सांगतो. कायद्यात पयलं नाव वैद्याचं येतं, मालकाचं मागनं."

शनिवारी यशोदाबाई आल्या. मी दार उघडणार नव्हते. दिलीपने उघडलं.

सही केली.

ताई


ऐरोली
रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

अभिराम,

आईचं पत्र काल आलं. डॉक्टरांनी तुझ्या केस पेपरवर लिहिलंय, आजार आनुवंशिक. आईनेच सांगितलं त्यांना बाजीरावमामाचं. मागच्या खोलीत त्याला कोंडायचे ते, भिंतीवर डोकं आपटायचा ते, सगळं सांगून बसली. आता घरात एकच घोष चाललाय, अभिराम मामावर गेला. चुलत्यांनी आपल्या पोरांची लग्नं होईपर्यंत तुला कुणापुढे आणू नका म्हणून निरोप पाठवलाय. औषध वाढवलंय, जन्मभर घ्यावं लागेल म्हणतात. तुझे हात एवढे थरथरतात की शर्टाची बटणं आई लावते. सव्वीस वर्षांचा घोडा तू, आणि आई बटणं लावते!

त्या डॉक्टरांचा दोष नाही. त्यांनी विचारलं होतं. वैद्य बहिणीने कळवलं, पाचक. त्यांनी भांग हा शब्दच मनातून काढून टाकला. मग राहिलं काय? मामा.

तू मामावर गेलेला नाहीस. हे मला, एकट्या मला ठाऊक आहे. सहापट गोळी, आईला तू सांगितलंस तशी दिवसाला चार-पाच, सात महिने. कुणाचंही डोकं गेलं असतं. हे त्यांना कळलं तर ते औषध बदलतील, केस पेपर बदलतील, कदाचित तू उठून बसशील. तीन वेळा लिहायला बसले. "मा. डॉक्टरसाहेब" पर्यंत जाते आणि पेन थांबतं.

दिलीप काल रात्रीपासून बोलत नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "वैदेहीला शाळेत काय सांगायचं? आई कुठे आहे?" मी म्हटलं, ही डिग्री लावायची अक्कल कुणाची? तो म्हणाला, सही कुणाची? आम्ही दोघंही खरंच बोलत होतो, म्हणून भांडण मिटेना.

आणि तू! तुझाही मला संताप येतो. शिकलेला मुलगा, आय.टी.आय. झालेला, घरात वैद्य बहीण. टपरीवरची गोळी तोंडात टाकण्याआधी एकदा मला विचारलं असतंस तर? ताई, ही खाऊ का? चार शब्द रे! एवढ्या का खाल्ल्यास? कुणी सांगितलं होतं तुला? साडेतीन महिने मी एकटीच बडबडतेय. ह्या एका गोष्टीचं उत्तर मला हवंय. एक ओळ लिही, नाहीतर मला माफ केलं नाहीस असं समजेन आणि पुन्हा लिहिणार नाही.

ताई


ऐरोली
रविवार, १ डिसेंबर १९९६

माझ्या अभिराम,

तुझं कार्ड आलं. अक्षर ओळखू आलं नाही, आधी वाटलं कुणा म्हाताऱ्याचं आहे. ते मी इथे उतरवून काढते. पुढे तू म्हणालास की मी असं लिहिलंच नव्हतं, तर हे तुझ्याजवळ असू दे.

"ताई, तू विचारलंस म्हणून. पानवाल्याकडे गोळ्यांचं खोकं असतं त्याच्यावर तुझं नाव होतं. वैद्या सौ. सुमेधा यांच्या देखरेखीखाली तयार. म्हणून विचारलं नाही. तुझंच होतं तर तुला काय विचारायचं. तौहीद घेत नव्हता. नशेचं असेल तर आमच्यात हराम आहे म्हणाला. मी त्याला खोकं वाचून दाखवलं. म्हटलं माझ्या ताईचं औषध आहे, नशा कसली. त्या दिवशी ओव्हरटाइम होता. दोन त्याला मीच दिल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मीच मारला त्याला. अभिराम."

तुला आठवतंय, मी लिहिलं होतं की माझं नाव फक्त सरकारी कागदावर आहे? खोटं होतं तेही. हौसेरावांनी खोक्याचा नमुना घरी पाठवला होता, नाव छापू का विचारायला. मी हो म्हटलं. हो काय, आनंदाने म्हटलं! पहिल्यांदा माझं नाव कशावर तरी छापून येणार होतं. बी.ए.एम.एस. राहिलंय, ते पुढे घाला, असंही सांगितलं. तुला दाखवलं नाही कारण महिला मंडळाची थाप मारून बसले होते. आणि तू ते टपरीवर बघितलंस. तुला अभिमान वाटला, आणि तू मला त्याबद्दल चिडवलंही नाहीस, ताईने सांगितलं नाही तर आपण कशाला विचारायचं म्हणून.

कार्ड घेऊन मी तशीच तळोज्याला गेले. दिलीपला चिठ्ठी ठेवली. हलिमाचाची दारात सुकट निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भांग आहे. मला ठाऊक होतं. त्या दिवशी तुमच्या हातातला कागद बघून मी खोटं बोलले. सही माझी आहे, नाव माझं आहे. मग तुझं कार्ड वाचून दाखवलं. तुला न विचारता वाचलं, पण ते त्यांचंच होतं.

त्या निवडायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे त्याने विचारलं होतं. नशा आहे का म्हणून."

"हो."

"आणि त्याला सांगितलं, दवा आहे."

"हो, चाची."

"मग त्याने बिस्मिल्ला म्हणून घेतली असेल. दवा घेताना म्हणायचा. लहान होता तेव्हापासून." मग सूप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे जमातीसमोर बोलशील?"

शुक्रवारी नमाज सुटल्यावर मशिदीबाहेरच्या ओट्यापाशी मी बोलले. वीस-पंचवीस पुरुष, पलीकडे बायका, समरा भिंतीला टेकून. मी हळू बोलत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मोठ्याने सांगा बेटी. मी मोठ्याने सांगितलं की तौहीद नशा करत नव्हता, त्याने औषध म्हणून घेतलं, त्या औषधावर ज्या वैद्य बाईचं नाव आहे ती मी. कुणी शिवी दिली नाही. एकाने विचारलं, ती गोळी अजून विकतात? मी म्हटलं, हो.

त्यांना सांगायला मला लाज वाटली. कारण सोमवारीच मी ठाण्याला औषध खात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी जबाब दिला होता, सर्टिफिकेट परत मागणारं पत्र हौसेरावांना दिलं होतं, सगळं केलं होतं, तरी विक्री चालूच होती. बुधवारी यशोदाबाई भाजी घ्यायला म्हणून आल्या आणि सांगून गेल्या, "ताई, तुमची फ्रेम काडली. दुसऱ्या बाईची लावली. पनवेलची हाय." कारखाना दोन दिवस बंद होता, बस. काल मी नाक्यावर मुद्दाम बघितलं. खोकं तेच आहे, नावावर कागदाची पट्टी चिकटवलीय. लोक घेत होते. दोघं तुझ्या वयाचे होते. मी त्यांना म्हटलं, घेऊ नका, भांग आहे. ते हसले आणि म्हणाले, "आम्हाला म्हायतेय काकू." एकाला माहीत होतं. दुसऱ्याला नव्हतं, तो त्याच्याकडे बघायला लागला होता.

माझ्यावर केस होईल. इन्स्पेक्टरने तसं स्पष्टच सांगितलं. दिलीपने वकील बघितलाय, बोलत मात्र नाही अजून. वैदेहीला मी सांगितलं की आईने न बघता सही केली आणि त्याने एक दादा वारला. ती म्हणाली, "मग मामाला बोलव ना परत." मुलांना कुठलं काय सुचतं!

ह्या पाकिटात तुझ्या डॉक्टरांना लिहिलेलं पत्र वेगळं ठेवलंय. गोळीत काय, किती, तू किती महिने खाल्ल्यास, सगळं आहे, खाली माझी सही आहे. ह्या वेळी लिहिलेलं प्रत्येक अक्षर तपासून केलीय. तू स्वतः जा आणि त्यांच्या हातात दे. आईला बाहेर बसव. ते म्हणतील ते ऐक. कदाचित म्हणतील, आता उशीर झाला, जे आहे ते राहील. तेही होऊ शकतं, मी तुला खोटी आशा देत नाही. पण मामाचं नाव त्या कागदावरून त्यांनी खोडलं पाहिजे. तुझ्या रक्तात काही नव्हतं रे, अभ्या.

आणि तू त्याला मारलं नाहीस. तू वाचून दाखवलंस. लिहिलं मी होतं.

शुक्रवारी निघताना चाचींनी मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, "तुला मी माफ करणार नाही. अल्लाहने केलं तर त्याचं तो बघेल." बस आली. मी चढले. त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या भावाला लिही, त्याला केलं. त्याने आपल्या बहिणीचं नाव वाचलं, एवढंच केलं. त्याला लिही, इथे येऊन जेवून जा म्हणावं."

ताई